कॉलरवाले मास्तर

मास्तर माणसाला तोंडावरून ओळखत नसत. दुकानाच्या फळीपुढं गिऱ्हाईक उभं राहायचं, "काय मास्तर, ओळखलं का?" म्हणायचं, आणि मास्तर चष्म्यावरून त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं बघत बसायचे. मग हातानं खूण करायचे, वळ. गिऱ्हाईक वळलं, पाठमोरी मान दिसली, की यांचा चेहरा उजळायचा. "हां हां! दूध केंद्रावाले ना तुम्ही? उजवा खांदा अर्धं बोट खाली. या, या." नवीन लोकांना हा अपमान वाटायचा. जुने मात्र आल्याआल्याच पाठ करून उभे राहायचे आणि तसेच भिंतीकडे तोंड करून बोलायचे.

कांदिवली पूर्वेला एका चाळीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल आणि एक स्टूल मावेल एवढंच. तिथं मी सहा वर्षं काम केलं. आता मी अंधेरीला एका एक्सपोर्टच्या कारखान्यात सॅम्पल शिवते, म्हणजे मोठी ऑर्डर निघण्याआधी जो पहिला नग पास व्हावा लागतो, तो. माझ्या हाताखाली चार बाया आहेत, त्या मला मॅडम म्हणतात. मास्तरांनी सहा वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. "गं, बकरम दे." "गं, खडू कुठाय?" बस.

आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली तेव्हा मी बारावी होऊन, शिवणाचा क्लास करून घरी बसले होते. आमचे आबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. घरात अजून एक हात चालायला हवा होता. मास्तरांनी माझ्या हातातलं क्लासचं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "शर्ट म्हणजे काय?"

मी पाठ केलेलं सांगायला लागले. पुढा, पाठ, बाही, जू, खांदा...

"चूक," मास्तर म्हणाले. "शर्ट म्हणजे कॉलरच्या खाली लोंबणारं कापड. उद्यापासून ये."

घरी येताना आई म्हणाली, "खुळो आसा तो. पण हात बघ तेचो."

पहिले तीन महिने मी शर्ट शिवला नाही. नुसती कॉलर शिवली आणि उसवली. मास्तर ती हातात घ्यायचे, मधोमध दुमडायचे, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायचे. सुताभराचा फरक दिसला तरी एकच शब्द, "उसव." ओरडायचे नाहीत, समजावायचे नाहीत. कॉलर माझ्या मांडीवर टाकून पुन्हा आपल्या कामाला लागायचे. मी कितीदा रडले असेन. ते बघून एकदा म्हणाले, "रड, पण कापडावर नको. डाग पडतो."

उलटी शिवलेली कॉलर सुलटी करताना टोक बाहेर काढायचं असतं. बाकीचे टेलर सुईनं ओढतात. मास्तरांना ते चालायचं नाही. "ओढलंस की टोक रुसतं. आतून समजावायचं." त्यासाठी त्यांनी बांबूची एक काडी घासून गुळगुळीत केली होती. ती आत घातली की दुकानात कुणी बोलायचं नाही. स्वतः श्वास रोखून धरायचे. एकदा एक बाई रिक्षा थांबवून ब्लाऊज न्यायला आल्या होत्या, मीटर चालू होतं. "मास्तर, द्या ना लवकर!" मास्तरांनी डोळे मिटून घेतले. टोक बाहेर आलं, तेव्हा डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, "बोला. काय म्हणत होता?"

कॉलरींना त्यांनी आपली नावं ठेवली होती. टोकं बटणांनी खाली बांधलेली ती 'कारकून'. ऐसपैस पसरलेली ती 'जावई'. चायनीज कॉलर म्हणजे 'मौनी'. टी-शर्टच्या कॉलरला ते कॉलर म्हणायलाच तयार नव्हते. "तो पापड आहे. दोन धुण्यांत वाकडा होतो."

आणि कुणाला कुठली कॉलर हे तेच ठरवायचे. आमच्या बाजूच्या गल्लीत एक जिमवाला होता, दंड मांडीएवढे. लग्नासाठी त्याला उंच, दोन बटणांची बंद कॉलर हवी होती. मास्तरांनी त्याला वळवला, टेप लावली आणि टेप गुंडाळून ठेवून दिली.

"होणार नाही."

"का नाही होणार? डबल पैसे घ्या ना मास्तर."

"पैशाचा प्रश्न नाही रे बाबा. तुझी मान कुठाय? डोकं डायरेक्ट खांद्यावर ठेवलंय देवानं. तुला जावई घे. तसाही होतोच आहेस."

तो तणतणत गेला आणि दुसरीकडून शिवून आणली. महिन्याभरानं बायकोला घेऊन आला, तिच्या मोबाईलवर लग्नाचे फोटो होते. प्रत्येक फोटोत नवरदेव गळफास लागल्यासारखा वर बघत होता. बायको हसून हसून फळीवर वाकली. "मास्तर, आता तुम्हीच काय ते ठरवा," तो म्हणाला, आणि गपचूप पाठ करून उभा राहिला.

त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला धडकी भरायची. बोरिवलीला बकरम आणायला गेलो होतो. बकरम म्हणजे कॉलरच्या पोटात घालायचं कडक कापड. आम्ही रस्त्यानं चाललो होतो आणि अचानक मास्तर गायब. बघते तर एका उंच गृहस्थाच्या मागं मागं, त्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर नाक ठेवून चाललेले. मी हाका मारतेय, यांना ऐकू येत नाही. दोन गल्ल्या गेल्यावर तो माणूस गर्रकन वळला आणि यांचा हात पकडला. "काय रे ए? पाकीट मारतोस?" चार माणसं गोळा झाली.

"साहेब," मास्तर म्हणाले, "ही कॉलर कुणी शिवली?"

 त्या माणसानं हात सोडला. "माझ्या वडिलांचा शर्ट आहे हा," तो म्हणाला. "कुणी शिवला ते नाही माहीत."

"जरा बघू?"

आणि त्या माणसानं भर फुटपाथवर मान खाली घातली. मास्तरांनी कॉलर उचलून आतली बाजू पाहिली, अंगठ्यानं टीप चाचपली. "एकदा पलटलीय ही. वरची बाजू झिजली तेव्हा कुणीतरी उसवून आतली बाजू वर घेतलीय. हातानं. मशीन नाही लावलं." कॉलर परत नीट बसवून म्हणाले, "आता परत नाही पलटता येणार. धुताना जपा."

"आईनं केलं असेल," तो माणूस म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बकरम न घेताच आम्ही परत आलो, कारण मास्तर विसरले.

एक बाई यायच्या. पतपेढीत होत्या, चाळिशीच्या आत-बाहेर. लहानपणी स्टोव्ह भडकून त्यांची मान आणि हनुवटीखालचा भाग भाजला होता. मे महिन्यातही त्या ओढणी गुंडाळून असायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी ओढणी सोडली, आणि मी पटकन दुसरीकडे बघितलं. मास्तरांनी नाही. त्यांनी चष्मा पुसला, स्टूल जवळ ओढलं आणि नीट बघितलं, कापड बघतात तसं.

"दुखतं कुठं?"

"दुखत नाही. खाज येते, घाम आला की."

मास्तरांनी त्यांना ड्रेसला उंच मौनी कॉलर शिवून दिली. आतून जुन्या धोतराचं, शंभर वेळा धुतलेलं मऊ कापड लावलं आणि शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, कातडीला काही टोचू नये म्हणून. बाईंनी घालून बघितली, ओढणी घडी करून पिशवीत टाकली आणि तशाच चालत गेल्या. नंतर दर वर्षी दोन-तीन ड्रेस शिवायला यायच्या. माप पुन्हा घ्यायची गरज नव्हती. पण कटिंगच्या वेळी मी बघायचे, मास्तर दर खेपेला कॉलरची उंची दोऱ्याभरानं कमी करायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तू तुझं काम कर."

चौथ्या वर्षी बाई आरशात बघून म्हणाल्या, "मास्तर, कॉलर लहान झालीय का हो?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुमची मान मोठी झालीय."

बाईंनी आरशात मान डावी-उजवीकडे वळवून बघितली. मग नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि ड्रेस घेऊन गेल्या.

स्वतः मास्तर मात्र कायम बिनकॉलरच्या पांढऱ्या सदऱ्यात. गिऱ्हाइकं चिडवायची, "काय मास्तर, जगाला कॉलर आणि तुम्ही असे?" कुणाला सांगायचे, उकडतं. कुणाला सांगायचे, माझी मान आखूड आहे. एका दुपारी लाईट गेली होती, दोन्ही मशीन बंद. आम्ही फळीवर बसून बटणं लावत होतो. मी विचारलं. उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

"आमचं गाव जालन्याकडं," ते म्हणाले. "बाप इथं मुंबईत बांधकामावर होता. एकदा गावी आला तो कॉलरचा शर्ट घालून. आमच्या वस्तीत पहिला. मला घेऊन गावातून निघाला. पारावर तिघं-चौघं बसले होते. एक जण म्हणाला, कुणापुढं कॉलर ताठ करून चालला रं? उठला आणि कॉलर धरून ओढली. फाटून हातात आली त्याच्या. बाप चालत राहिला. मी मागं होतो, सात वर्षांचा. मला बापाचं तोंड नाही दिसलं. मान दिसली."

मी सुई थांबवली होती. ते बटण लावतच होते.

"आईनं कडा दुमडून शिवल्या. बापानं तो शर्ट तसाच वापरला, फाटेपर्यंत. मी म्हटलं होतं, शिवणकाम शिकतो आणि तुला चांगल्या कॉलरचा शर्ट शिवतो. मी शिकेपर्यंत तो राहिला नाही. मग म्हटलं, आपल्यालाही नको." तेवढ्यात लाईट आली. "चल गं, काज घे."

मास्तर राहायला दहिसरला होते. दर एप्रिलमध्ये जयंतीला त्यांच्या वस्तीतले पुरुष पांढरे शर्ट घालायचे आणि ते सगळे मास्तर शिवायचे. कारकून, जावई, मौनी, काही नाही. सगळ्यांना एकच, साधी, ताठ, टोकदार कॉलर. त्या कॉलरींना ते मला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्याकडे फक्त काज-बटण. पाच वर्षं असंच चाललं. सहाव्या वर्षी, मार्चमध्ये, पांढऱ्या कापडाचा गठ्ठा आला तेव्हा म्हणाले, "निम्म्या कॉलरी तू कर."

त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षा केली. उगाचच.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी मला सांगावं लागलं.

"मास्तर, मला अंधेरीला नोकरी लागलीय. एक्सपोर्टमध्ये. पीएफ आहे, ईएसआय आहे. आबांचं डायलिसिस..."

"कधीपासून?"

"एक तारखेपासून."

त्यांच्या हातात खडू होता. त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मी वाट बघत होते, म्हणतील, आठ दिवस थांब, एवढे शर्ट काढून जा. म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण ते म्हणाले, "तिथं मान नसते गं. माप असतं. चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस."

मला राग आला. त्यांचा नाही, आबांच्या आजाराचा, एक तारखेचा, कशाकशाचा. पण तोंडातून निघालं ते त्यांनाच लागलं. "मापाला पगार मिळतो, मास्तर. मानेला काय मिळतं?"

त्यांनी खडूनं कापडावर रेघ मारली आणि कात्री घेतली. मी माझा डबा उचलला आणि निघाले.

आठ वर्षं मी गेले नाही. मधे एकदा बाजारात त्यांच्या बायको भेटल्या, त्यांना मी काकी म्हणायचे. "सगळे शर्ट वेळेवर दिले गं त्यांनी त्या साली," त्या म्हणाल्या. "बटणं मी लावली. तीन कॉलरी मात्र कापून ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या. येईल, येईल म्हणत होते. शेवटी जयंतीच्या सकाळी बसून स्वतःच शिवल्या." काकींना माझ्यावर राग नव्हता. सहज सांगत होत्या, बाजारात जसं काहीबाही सांगतो तसं. मी हातातली भाजी तिथंच विसरून आले.

आबा नोकरीनंतर दोन वर्षांनी गेले. आई गावी भावाकडे राहायला गेली. दुकानाची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, तिथं निळे पत्रे लागले, मग आत खड्डा, मग टॉवर. दुकान कुठं होतं ते आता मला बोट ठेवून दाखवता येणार नाही. रिक्षानं त्या रस्त्यावरून जाताना मी मोबाईलमध्ये बघत बसते. पण तेवढ्या वेळात मोबाईलवर काय असतं ते मला आठवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "गं, मी बोलतोय."

मी उठून उभी राहिले.

"तुमच्यात कॉलर भाजतात म्हणे?"

"फ्युजिंग म्हणतात, मास्तर. गरम करून आतलं कापड चिकटवतात."

"बघायचंय."

मी साहेबांची परवानगी काढली. मास्तर दहिसरहून मेट्रोनं आले, एकटेच, हातात कापडी पिशवी. खूप वाळले होते. गेटवर सिक्युरिटीनं नाव लिहून घेतलं आणि पाहुण्यांचा पास त्यांच्या गळ्यात अडकवला. मी त्यांना फ्युजिंगच्या मशीनपाशी नेलं. पट्ट्यावरून कापडाचे तुकडे एका बाजूनं आत जातात आणि दुसऱ्या बाजूनं कडक होऊन बाहेर येतात. त्यांनी एक उचलला, वाकवला, वास घेतला. पुढं टोकं काढायचं मशीन. लोखंडी चिमटा खाली येतो आणि दोन्ही टोकं एकदम बाहेर. तिथं ते इतका वेळ उभे राहिले की मशीनवरची बाई लाजली.

"दिवसाला किती होतात, बाई?"

"हजाराच्या वर होतात, काका."

"आणि घरी कुणाला शर्ट शिवता का?"

"छे हो! घरी रेडीमेड."

मास्तर हसले. मी त्यांना वर सॅम्पल रूममध्ये नेलं, चहा मागवला. टेबलावर माझा सकाळचा नग होता, पांढरा शर्ट, कॉलर मी स्वतः हातानं केलेली. तो मी मुद्दाम त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी चष्मा पुसला. कॉलर अंगठ्याखालून फिरवली, मधोमध दुमडली, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवली आणि बघितलं.

"छान झालीय," ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्या कॉलरला नाही, कुणाच्याच नाही.  "मास्तर, तेव्हा मी तुम्हाला जे बोलले..."

"चहा चांगला आहे," ते म्हणाले. "आलं घातलंय."

मी त्यांना मेट्रोच्या जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन शर्ट घडी करायला घेतला आणि सवयीनं कॉलर दुमडली. उजवं टोक सुताभर लांब होतं. साहेबांना दिसलं नसतं, परदेशातल्या गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही. पण मास्तरांनी ती टोकं माझ्यासमोर जुळवून बघितली होती. मी खुर्चीवर बसले. सहा वर्षं ज्या एका शब्दाला मी घाबरले, तो त्या दिवशी मला ऐकायचा होता. त्यांनी कॉलर माझ्या मांडीवर टाकायला हवी होती. मी सगळी कामं बाजूला ठेवून तिथंच उसवली असती, त्यांच्यासमोर, लहान पोरीसारखी.

दिवाळीनंतर मास्तर गेले. मला आठवड्यानं कळलं. दहिसरला त्यांच्या घरी गेले तेव्हा काकी पुढच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले, थोडं इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं, "काकी, मास्तरांना शेवटी शेवटी नीट दिसत होतं ना?"

"न दिसायला काय झालं?" काकी म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वीच मोतीबिंदू काढला होता ना दोन्ही डोळ्यांचा. सुईत दोरा स्वतः ओवायचे, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.